अमेरिकेत मोठ्या शहराच्या महापौराला गव्हर्नरपद इतके अवघड का जाते?

चौकस (धागाकर्ता):

डेट्रॉइटचे तेव्हाचे महापौर माइक डगन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले की, मिशिगनच्या गव्हर्नरपदाची २०२६ ची निवडणूक ते आपल्या नेहमीच्या डेमोक्रॅटिक पक्षातर्फे नव्हे, तर अपक्ष म्हणून लढवणार आहेत. ती बातमी वाचल्यापासून मी तिथल्या जुन्या निवडणुकांचे निकाल चाळतो आहे, आणि जितके चाळावे तितका माझा गोंधळ वाढतो आहे. म्हणून हा धागा.

ज्यांना या विषयाची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी आधी एक खुलासा करतो. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या ओळखीचा नियुक्त राज्यपाल नव्हे. तो राज्यातील सर्व मतदारांनी थेट निवडून दिलेला कार्यकारी प्रमुख असतो; राज्याचे अंदाजपत्रक तो मांडतो आणि विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकावर नकाराधिकारही वापरू शकतो. त्यामुळे ‘राज्यपाल’ हा शब्द टाळून मी ‘गव्हर्नर’च लिहितो आहे. न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट अशा शहरांचा महापौरही आपल्याकडच्यासारखा मानाचा धनी नसतो. पोलीस, रस्ते, कर, कर्मचारी संघटनांशी वाटाघाटी हे सारे प्रत्यक्ष त्याच्या हाताखाली चालते.

याचा अर्थ असा की, गव्हर्नरच्या कामाची रंगीत तालीम महापौराइतकी दुसऱ्या कोणाचीही झालेली नसते. तरीही न्यूयॉर्कच्या महापौराला गव्हर्नर होऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. शिकागोचे महापौरपद आणि इलिनॉयचे गव्हर्नरपद ही दोन्ही पदे भूषवणारे एडवर्ड डन हे एकटेच, आणि तेही १९१३ ते १९१७ या काळातले. लॉस एंजेलिसचे यॉर्टी, ब्रॅडली, रिऑर्डन आणि व्हिलारायगोसा हे चारही महापौर या शर्यतीत उतरले आणि चारही हरले. एवढ्या कामाचा अनुभव मतदारांना नको असतो का? की त्या शहराच्या नावातच काही अडचण आहे?

जुनी कात्रणे:

आपल्या शेवटच्या वाक्यातच बरेचसे उत्तर दडलेले आहे. न्यूयॉर्कचे उदाहरण मी थोडे विस्ताराने मांडतो, कारण १९८२ च्या एका निवडणुकीत हा सारा पेच उघडा पडलेला दिसतो.

एड कॉच १९७८ पासून महापौर होते. १९८१ मध्ये ते पुन्हा निवडून आले तेव्हा डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांची उमेदवारी त्यांच्याकडे होती. इतका निर्विवाद महापौर त्या शहराने क्वचितच पाहिला असेल. १९८२ च्या आरंभी गव्हर्नर ह्यू केरी यांनी पुन्हा न लढण्याचे ठरवले आणि कॉच रिंगणात उतरले. पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, त्यांच्यासमोर होते लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, मारिओ कुओमो, ज्यांना कॉच यांनी १९७७ च्या महापौरपदाच्या लढतीत आधीच हरवले होते. जनमत चाचण्यांत कॉच पुढे होते. सारे काही जमून आले होते.

मग ‘प्लेबॉय’ मासिकातील त्यांची मुलाखत बाहेर आली. कॉच यांचा स्वभाव मोकळा, जीभ त्याहून मोकळी. उपनगरातले जीवन आपल्याला निर्जीव वाटते आणि खेड्यातले तर निव्वळ थट्टेचा विषय, कारण साधा झगा किंवा सूट घ्यायचा तरी मैलोन्‌मैल गाडी हाकत जावे लागते, अशा आशयाचे ते बोलून गेले होते. मुलाखत उमेदवारी जाहीर होण्यापूर्वीची होती. पण छापील शब्दाला तारखेची सबब चालत नाही. सप्टेंबरच्या प्रायमरीत कुओमो जिंकले, नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर झाले आणि पुढे तीन कार्यकाळ त्या पदावर राहिले.

ही हकिकत बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच थांबते आणि सारा दोष एका फटकळ मुलाखतीवर टाकला जातो. मला ते पटत नाही. मुलाखतीने आग लावली असेल, पण सरपण आधीच रचलेले होते. कुओमो हेदेखील न्यूयॉर्क शहराचेच, क्वीन्स भागात वाढलेले. म्हणजे राज्याच्या उत्तरेकडील मतदारांनी शहरी माणूस नाकारला असे म्हणता येत नाही. त्यांच्या मनात अढी होती ती शहराच्या महापौराविषयी, आणि ती समजून घ्यायची तर महापौर राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत, कशासाठी जातो ते पाहावे लागते. तो मागण्यासाठी जातो. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते तेव्हा राज्याने मदत केली, परंतु शहराच्या खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी गव्हर्नरच्या अध्यक्षतेखाली नियंत्रण मंडळही नेमले. शहरातील भुयारी रेल्वे चालवणारी संस्था आजही राज्याच्या अखत्यारीत आहे. भाडे, अनुदान, शाळांचा निधी, कर लावण्याची परवानगी या प्रत्येक गोष्टीसाठी महापौराला ऑल्बनीशी भांडावे लागते, आणि तो जितके चांगले भांडतो तितका शहरात लोकप्रिय होतो. बफेलो किंवा सिरॅक्यूजच्या मतदाराला मात्र तोच माणूस आपल्या करांतून शहरासाठी पैसा ओढून नेणारा दिसतो. वर्षानुवर्षे एका पक्षकाराची वकिली केलेल्या माणसाला एके दिवशी न्यायाधीश नेमायचे, असा तो प्रस्ताव असतो.

आपण उल्लेखलेले दीडशे वर्षांपूर्वीचे महापौर म्हणजे जॉन हॉफमन. ते १८६८ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले. पाठीशी टॅमनी हॉल ही त्या काळची बलाढ्य पक्षयंत्रणा होती. शिवाय ते ज्या शहराचे महापौर होते ते शहर आजचे नव्हेच. ब्रुकलिन तेव्हा वेगळे शहर होते; पाच विभागांचे आजचे न्यूयॉर्क १८९८ मध्ये एकत्र झाले. तेव्हा आजच्या न्यूयॉर्क शहराचा एकही महापौर कधीच गव्हर्नर झालेला नाही, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

त्याच राज्यातील दुसरे टोक पाहा. ग्रोव्हर क्लीव्हलंड जानेवारी १८८२ मध्ये बफेलोचे महापौर झाले, रस्ते साफ करण्याचा फुगवलेल्या रकमेचा ठेका त्यांनी नकाराधिकाराने रोखला, त्यातून त्यांचे नाव राज्यभर झाले आणि बरोबर एका वर्षाने, जानेवारी १८८३ मध्ये, ते गव्हर्नर झाले. मार्च १८८५ मध्ये तर ते राष्ट्राध्यक्ष होते. म्हणजे त्या राज्यात महापौरपदाची अडचण नाही. अडचण एकाच शहराच्या महापौरपदाची आहे.

वाटाड्या:

जुनी कात्रणे यांचा पक्षकार आणि न्यायाधीशाचा दाखला मला आवडला. परंतु कॅलिफोर्नियाला तो तसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तिथे एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन-तीन मोठी शहरे आहेत आणि प्रत्येकाच्या महापौराचे नशीब वेगळे निघालेले आहे.

टॉम ब्रॅडली यांच्यापासून सुरुवात करू. पोलीस खात्यात नोकरी केलेले, १९७३ पासून लॉस एंजेलिसचे महापौर असलेले हे कृष्णवर्णीय नेते १९८२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार होते. मतदानानंतरच्या चाचण्यांनी त्यांना विजयी ठरवले होते, आणि प्रत्यक्षात ते जॉर्ज ड्यूकमेजियन यांच्याकडून सुमारे ९३ हजार मतांनी, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास फरकाने, हरले. चाचणी घेणाऱ्याला एक सांगायचे आणि मतपत्रिकेवर दुसरेच करायचे, या वर्तनाला पुढे ‘ब्रॅडली इफेक्ट’ हे नाव पडले. वर्णद्वेषाचा वाटा त्यात नव्हताच असे कोणीही म्हणणार नाही. मात्र त्याच दिवशी मतपत्रिकेवर पिस्तुलांवर निर्बंध घालणारा एक प्रस्तावही होता. त्याला विरोध करण्यासाठी ग्रामीण भागातला बंदूकधारी मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडला आणि त्याने जाता जाता ब्रॅडली यांच्याही विरोधात मत दिले. शिवाय ड्यूकमेजियन यांच्या पक्षाने टपाली मतांवर कसून मेहनत घेतली होती, आणि मतदान केंद्राबाहेर घेतलेल्या चाचणीत टपाली मतदार सापडत नाही. एका पराभवाला एकच कारण चिकटवून मोकळे होण्याची जी सवय आहे, तिच्यापासून या निवडणुकीने तरी आपल्याला परावृत्त करावे. १९८६ मध्ये ब्रॅडली पुन्हा ड्यूकमेजियन यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि त्या वेळी मोठ्या फरकाने हरले.

रिचर्ड रिऑर्डन यांची गोष्ट वेगळ्याच कारणासाठी सांगण्यासारखी आहे. लॉस एंजेलिसमधील महापौराची निवडणूक पक्षचिन्हाविना होते. रिपब्लिकन असूनही ते १९९३ मध्ये अशा शहरात निवडून आले, जिथे त्यांच्या पक्षाला एरवी थारा नव्हता. याचा अर्थच असा की, ते मध्यममार्गी होते. २००२ मध्ये गव्हर्नरपदासाठी त्यांना प्रथम रिपब्लिकन प्रायमरी जिंकावी लागणार होती, आणि प्रायमरीत मत द्यायला येतो तो पक्षाचा कडवा मतदार. शहरात ज्या गुणांनी त्यांना तारले त्याच गुणांनी इथे बुडवले. पदावर असलेले डेमोक्रॅटिक गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनीही हे ओळखून, रिपब्लिकन प्रायमरी चालू असतानाच रिऑर्डन यांच्याविरुद्ध जाहिरातींवर पैसा ओतला. सोपा प्रतिस्पर्धी निवडून घेण्याचा असा उघड प्रयत्न मी तरी फारसा पाहिलेला नाही. रिऑर्डन प्रायमरीतच हरले.

आता जिंकलेल्यांकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: ते थेट महापौरपदावरून आलेले नाहीत. पीट विल्सन अकरा वर्षे सान डिएगोचे महापौर होते, पण १९९० मध्ये गव्हर्नरपद जिंकले ते मधली आठ वर्षे अमेरिकेच्या सिनेटमध्ये काढून. त्या लढतीत त्यांनी हरवले सान फ्रान्सिस्कोच्या माजी महापौर डायॅन फाइनस्टाइन यांना, म्हणजे दोन्ही बाजूंना माजी महापौरच होते. गॅव्हिन न्यूसम यांनी सान फ्रान्सिस्कोचे महापौर असताना २००९ मध्ये गव्हर्नरपदाच्या शर्यतीत उडी घेतली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते मागे फिरले, पुढच्या वर्षी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आले, आठ वर्षे त्या बिनकामाच्या खुर्चीत बसले आणि मग २०१८ मध्ये जिंकले. त्याच वर्षीच्या प्रायमरीत लॉस एंजेलिसचे माजी महापौर व्हिलारायगोसा तिसऱ्या क्रमांकावर राहिले. न्यूसम यांच्यापेक्षा कितीतरी मोठे शहर त्यांनी आठ वर्षे सांभाळले होते. मात्र २०१३ नंतर त्यांच्याकडे कोणतेही निवडून आलेले पद नव्हते, तर न्यूसम यांचे नाव तोपर्यंत राज्याच्या प्रत्येक काउंटीतील (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातील) मतपत्रिकेवर दोनदा येऊन गेले होते.

लेफ्टनंट गव्हर्नरला काम काय असते, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. पण पदाच्या नावात शहर नसते, हा त्याचा मोठा गुण.

मतांतर:

मला या धाग्यातील मूळ गृहीतकच तपासावेसे वाटते. न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस ही तीन नावे घेतली की महापौर हरतात असेच दिसणार. बाल्टिमोरचे नाव घेतले तर नेमके उलट दिसते. थिओडोर मॅककेल्डिन, विल्यम डोनाल्ड शेफर आणि मार्टिन ओमॅली हे तिन्ही बाल्टिमोरचे महापौर मेरिलँडचे गव्हर्नर झाले. शेफर तर १९८६ मध्ये ८० टक्क्यांहून अधिक मते घेऊन आले, कारण त्यांनी बंदराचा ओसाड पडलेला भाग असा उभा केला होता की, राज्यभरातील कुटुंबे रविवारी तिथे फिरायला येत. जुनी कात्रणे म्हणतात तो ‘आपला पैसा शहर ओढून नेते’ हा सल तिथे निर्माणच झाला नाही, कारण शहराने त्या पैशाचे काय केले ते बाहेरच्यांना डोळ्यांनी पाहता येत होते. ओमॅली यांनी महापालिकेच्या प्रत्येक खात्याचे आकडे ठरावीक दिवसांनी समोर ठेवून अधिकाऱ्यांना जाब विचारणारी ‘सिटीस्टॅट’ ही पद्धत सुरू केली, ती राज्यभर गाजली, आणि गव्हर्नर झाल्यावर त्यांनी तिचेच ‘स्टेटस्टॅट’ केले.

ओहायोतील जॉर्ज व्होइनोविच यांचेही असेच. डिसेंबर १९७८ मध्ये क्लीव्हलंड शहर बँकांची देणी चुकवू शकले नाही. पुढच्याच वर्षी निवडून आलेल्या व्होइनोविच यांनी ते शहर पुन्हा उभे केले. बुडालेले शहर सावरणारा माणूस बाहेरच्या मतदारालाही आपला वाटतो, कारण शहर बुडाले तर बिल राज्याकडे येणार हे त्याला ठाऊक असते. ते १९९० मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले.

दुसरा मुद्दा शहराच्या हद्दीचा आहे, आणि या चर्चेत त्याकडे दुर्लक्ष झाले आहे. नॅशव्हिल शहर आणि त्याची काउंटी यांचा कारभार १९६३ पासून एकच आहे. म्हणजे जे लोक अन्यत्र उपनगरवासी म्हणून शहराकडे संशयाने पाहतात, ते तिथे महापौराचे थेट मतदार असतात. टेनेसीचे पुढे गव्हर्नर झालेले फिल ब्रेडेसन तिथल्याच महापौरपदावरून आले. डेन्व्हर हेही शहर आणि काउंटी मिळून एकच आहे; तिथले महापौर जॉन हिकेनलूपर यांनी २००४ मध्ये आसपासच्या उपनगरांच्या महापौरांना बरोबर घेऊन रेल्वेच्या विस्तारासाठी विक्रीकरवाढ मतदारांकडून मंजूर करून घेतली. कर वाढवायला लावूनही ज्याच्यावर उपनगरे रुसत नाहीत, त्या माणसाला सहा वर्षांनी राज्याने गव्हर्नर केले यात नवल काय? मात्र २०१० मध्ये कोलोरॅडोतील विरोधकांची मते दोघांत फुटली होती, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

आता एड रेंडेल. फिलाडेल्फियाचे हे माजी महापौर २००२ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत पेनसिल्व्हेनियाच्या ६७ पैकी जेमतेम १० काउंट्यांत पुढे होते, आणि तरीही जिंकले. त्या मोजक्या काउंट्या म्हणजे मुख्यतः फिलाडेल्फिया आणि तिच्या भोवतालची दाट, सधन उपनगरे. नकाशावर रेंडेल हरलेले दिसतात. मते मात्र जमिनीला नसतात, माणसांना असतात. उपनगरे शहराच्या बाजूने वळली की उरलेल्या राज्याच्या नाराजीला फारसा अर्थ राहत नाही; कॉच यांनी मुलाखतीत नेमकी उपनगरेच दुखावली होती, हे या संदर्भात पुन्हा वाचावे.

वाटाड्या यांनी म्हटलेल्या आडवाटेबाबत एक भर घालतो. ब्रेडेसन १९९४ मध्ये पदावर असताना लढले आणि हरले; २००२ मध्ये माजी महापौर म्हणून लढले आणि जिंकले. शार्लटचे पॅट मॅक्रोरी २००८ मध्ये पदावर असताना हरले, २०१२ मध्ये माजी म्हणून जिंकले. हवाईतील माउईच्या महापौर लिंडा लिंगल १९९८ मध्ये हरल्या, २००२ मध्ये जिंकल्या. मधल्या काळात या तिघांनी कोणतेही मोठे पद भूषवले नाही. केवळ महापौरपद मागे पडले आणि नाव राज्यभर झालेले होते. शेफर, ओमॅली, हिकेनलूपर आणि टेनेसीचेच बिल हॅस्लम हे पदावर असतानाच जिंकले, त्यामुळे याला मी नियम म्हणणार नाही.

कलमदान:

चर्चा राजकारणाची चालली आहे, परंतु काही राज्यांत महापौराला त्याआधी कायद्याशी झुंजावे लागते. ॲरिझोना, हवाई यांसारख्या राज्यांत चालू कार्यकाळाच्या मध्येच दुसऱ्या पदासाठी उभे राहायचे तर आधी राजीनामा द्यावा लागतो. फीनिक्सचे महापौर टेरी गोडार्ड यांनी १९९० मध्ये तसा राजीनामा दिला. नोव्हेंबरमध्ये कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, फेब्रुवारी १९९१ मध्ये फेरमतदान झाले आणि त्यात ते फाइफ सिमिंग्टन यांच्याकडून हरले. होनोलुलूचे महापौर मुफी हॅनेमन यांनी २०१० मध्ये राजीनामा दिला आणि ते प्रायमरीतच नील ॲबरक्रॉम्बी यांच्याकडून पराभूत झाले. हे दुसरे उदाहरण मतांतर यांच्या हद्दीच्या मुद्द्याला जरा छेद देते. होनोलुलूच्या कारभारात संपूर्ण ओआहू बेट येते, म्हणजे हवाईच्या दोन तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या. महापौराचे मतदार आणि राज्याचे मतदार जवळजवळ तेच, तरीही पराभव. याचे कारण प्रतिस्पर्धीही त्याच बेटावरचा होता.

याच्या उलट, राजीनामा द्यायचाच नाही असे ठरवणारा एक महापौर डेट्रॉइटने पाहिलेला आहे. बुटांचे कारखानदार हेझन पिंग्री १८९० पासून महापौर होते. १८९३ च्या मंदीत त्यांनी शहरातील मोकळ्या जमिनी बेकारांना बटाटे लावायला दिल्या, त्यामुळे ते देशभर ओळखले जात. १८९६ मध्ये ते मिशिगनचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, आणि दोन्ही पदे एकाच वेळी सांभाळण्याचा त्यांचा बेत होता. अखेर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका माणसाला ही दोन्ही पदे धारण करता येणार नाहीत असे ठरवले आणि पिंग्री यांना महापौरपद सोडावे लागले.

न्यायालयाच्या निर्णयामागचे तत्त्व माझ्या मते या संपूर्ण धाग्याच्या केंद्रस्थानी आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत शहरांचा उल्लेखही नाही. शहर ही राज्याची निर्मिती आहे आणि राज्य देईल तेवढाच अधिकार तिला आहे, हे सूत्र आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये मांडले. पुढे अनेक राज्यांनी शहरांना स्वशासनाचे अधिकार दिले, तरी शेवटचा शब्द राज्याचाच राहिला. म्हणजे महापौर जेव्हा गव्हर्नर होतो तेव्हा तो एक पायरी वर चढत नाही, तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसतो.

मॅक्रोरी यांचा उल्लेख वर आला आहे, परंतु त्यांच्या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. ते चौदा वर्षे शार्लटचे महापौर होते (तिथे रोजचा कारभार नियुक्त व्यवस्थापक पाहतो आणि महापौरपद अर्धवेळचे असते, त्यामुळे न्यूयॉर्कच्या महापौराशी त्यांची तुलना जपूनच करावी). फेब्रुवारी २०१६ मध्ये शार्लटच्या नगर परिषदेने समलैंगिक आणि तृतीयपंथी व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण देणारा नियम केला. महिनाभरात राज्याच्या विधिमंडळाने तो निष्प्रभ करणारा, आणि शहरांना असे नियम करण्यापासूनच रोखणारा कायदा संमत केला. त्यावर त्याच दिवशी सही केली ती शार्लटच्या माजी महापौरांनी. उद्योगांनी गुंतवणूक मागे घेतली, बास्केटबॉल संघटनेने २०१७ चा ऑल-स्टार सामना शार्लटमधून हलवला, आणि नोव्हेंबरमध्ये मॅक्रोरी सुमारे दहा हजार मतांनी गव्हर्नरपद गमावून बसले. शहरासाठी फार भांडल्यामुळे महापौर हरतो हे खरे असेलही, पण शहराच्या विरोधात गेल्यामुळे गव्हर्नर हरल्याचेही हे उदाहरण आहे.

चौकस:

सर्वांचे आभार. मॅक्रोरी यांची गोष्ट मला अजिबात ठाऊक नव्हती. आता मूळ बातमीकडे येतो. कॉच आणि रिऑर्डन हे दोघेही प्रायमरीत हरले. डगन अपक्ष उभे राहतात म्हणजे ती भिंत त्यांनी बाजूनेच ओलांडली, असे समजायचे का?

मतांतर:

भिंत ओलांडली हे खरे, पण पलीकडे खंदक आहे. मिशिगनच्या मतपत्रिकेवर एकच खूण करून एका पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देण्याची सोय आहे. २०१८ च्या सार्वमताने ती पुन्हा आणली. अशी खूण करणारा मतदार अपक्षाच्या नावापर्यंत पोहोचतच नाही, त्यासाठी त्याला मुद्दाम वेगळी खूण करावी लागते. गंमत अशी की, डगन यांचा पहिला विजयच मतदारांच्या अशा जादा कष्टावर उभा आहे. २०१३ मध्ये शहरातील वास्तव्याच्या अटीवरून न्यायालयाने त्यांचे नाव प्रायमरीच्या मतपत्रिकेवरून काढले होते. मतदारांनी ते हाताने लिहिले आणि ते पहिले आले. त्याच उन्हाळ्यात शहराने दिवाळखोरी जाहीर केली होती आणि राज्याने नेमलेला अधिकारी शहराचा कारभार पाहत होता, म्हणजे व्होइनोविच यांच्यासारखे सावरलेल्या शहराचे श्रेय ते सांगू शकतात. एका शहरात नाव लिहून देणारे मतदार मिळणे आणि संपूर्ण राज्यात वेगळी खूण करणारे मिळणे, यांत अंतर बरेच आहे.

जुनी कात्रणे:

अपक्ष किंवा तिसऱ्या पक्षाचे म्हणून जिंकलेल्या अलीकडच्या गव्हर्नरांत माजी महापौर आश्चर्य वाटावे इतके आहेत, एवढेच जोडतो. ऱ्होड आयलंडचे लिंकन चेफी (२०१०) हे वॉरिक या शहराचे महापौर होते, अलास्काचे बिल वॉकर (२०१४) हे व्हाल्डीझचे. त्यांतही १९९८ ची मिनेसोटाची लढत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तिथे रिपब्लिकन उमेदवार होते राजधानी सेंट पॉलचे तेव्हाचे महापौर नॉर्म कोलमन. डेमोक्रॅटिक उमेदवार होते राज्याचे ॲटर्नी जनरल ह्युबर्ट हम्फ्री तिसरे, ज्यांचे वडील कधीकाळी मिनियापोलिसचे महापौर होते. दोघांनाही मागे टाकून सुमारे ३७ टक्के मतांवर निवडून आले ते रिफॉर्म पक्षाचे जेसी व्हेंच्युरा. लोक त्यांना कुस्तीगीर म्हणून ओळखतात, परंतु तेही माजी महापौरच होते. त्यांचे गाव ब्रुकलिन पार्क, मिनियापोलिसचे एक उपनगर.